लाईन परत आली तर?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं पुतण्याच्या फोनचं. पोरगा आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालाय. सध्या गावातच घरांची वायरिंग आणि विहिरीवरच्या मोटारी काढण्या-बसवण्याची कामं करतो. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "काका, पुण्याले पीएलसीचा कोर्स हाये तीन महिन्यांचा. करू काय?" मी फी विचारली. त्याने सांगितली. मी म्हटलं, परत सांग. त्याने परत सांगितली, आकडा तोच होता.

"शिकवतात काय त्यात?"

"सगळंच शिकवतात म्हणे."

आता मी याच धंद्यात. वाळूजला गेली अठरा वर्षं कारखान्यांची पॅनल्स आणि त्यातले पीएलसी यांच्यातच दिवस जातो. तरी 'पीएलसी म्हणजे काय' हे घरात आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. आई विचारणाऱ्याला 'कंपनीत लाईटीचं काम करते' म्हणून सांगते, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूकही नाही. त्यामुळे हे लिखाण थोडं पुतण्यासाठी आणि थोडं आईसाठी आहे. बाकीच्यांनी बसून घ्यावं.

दिवाळीत गावी गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. वर अंबाबरवाचं जंगल, खाली पऱ्हाटी आणि संत्रा. पुतण्याला म्हटलं, लॅपटॉप ठेव घरी, वावरात चल. विहिरीवर गेलो आणि स्टार्टरची पेटी उघडली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ही पेटी हजारदा पाहिली असेल. बाहेर दोन बटणं, हिरवं आणि लाल. आत एक कॉइल आणि तिच्यावर स्प्रिंगवर बसलेली पट्टी. हिरवं दाबलं की कॉइलला करंट मिळतो, ती लोहचुंबक होते आणि पट्टी खट्कन आत ओढते. पट्टीवरचे तीन जाड कॉन्टॅक्ट तिन्ही फेज मोटारीला जोडतात. पण बोट काढल्यावर मोटर चालूच कशी राहते? कारण त्याच पट्टीवर एक चौथा बारका कॉन्टॅक्ट असतो, हिरव्या बटणाला समांतर जोडलेला. पट्टी आत गेली की तोही जुळतो आणि कॉइलचा करंट आता बटणाऐवजी त्याच्यातून जायला लागतो. म्हणजे मोटर चालू का आहे? तर मोटर चालू आहे म्हणून! वेदान्त वाटेल, पण सगळ्या ऑटोमेशनचा पाया हा एवढाच आहे. लाल बटण हे वर्तुळ तोडतं. आणि लाईन गेली तरी ते तुटतं. कॉइल ढिली पडते, स्प्रिंग पट्टी बाहेर ढकलते. लाईन परत आली तरी मोटर चालू होत नाही. कुणीतरी येऊन हिरवं दाबावं लागतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता ही एक पेटी झाली. मोटारीच्या कारखान्यात अशा शेकडो कॉइली असतात. क्लॅम्प बसल्याशिवाय ड्रिल खाली येऊ नये, दार उघडं असेल तर प्रेस चालू नये, पाच गोष्टी झाल्या की मगच सहावी व्हावी, या सगळ्या अटी पूर्वी रिले आणि वायरी जोडून घालत. कपाटंच्या कपाटं भरलेली. आणि गाडीचं मॉडेल बदललं की मशीनचा क्रम बदलायचा, म्हणजे ती कपाटं पुन्हा वायर करायची. या कटकटीला कंटाळून जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली मागणी काढली की आम्हाला असा कंट्रोलर द्या, ज्याच्यात अटी बदलायला वायरी उपटाव्या लागणार नाहीत. डिक मोर्ली आणि त्याच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या मंडळींनी बनवलेल्या यंत्राचं नाव पडलं मोडिकॉन ०८४. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. बारसं कसं करू नये याचा नमुना. :)

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. या यंत्राला भाषा कोणती द्यायची? कॉम्प्युटर तेव्हाही होते, त्यांच्या भाषाही होत्या. पण कारखान्यात रात्री तीनला मशीन बंद पडलं की धावत येतो तो वायरमन, आणि त्याला वाचता येतं ते रिलेचं ड्रॉइंग. डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक उभी रेघ, मध्ये आडव्या पायऱ्या, पायरीवर कॉन्टॅक्ट आणि टोकाला कॉइल. दिसायला शिडीच, म्हणून लॅडर. त्यांनी तेच ड्रॉइंग भाषा म्हणून ठेवलं. पुढे १९९३ साली आयईसीने पीएलसीच्या भाषांचं जागतिक प्रमाण काढलं, त्यात पाच भाषा दिल्या आणि लॅडर त्यातली एक. आजही मी ज्या कारखान्यात जातो तिथे जास्त करून तीच दिसते.

म्हणजे बघा, पीएलसी कॉम्प्युटरवाल्यांनी वायरमनसाठी वायरमनच्या भाषेत बनवला. आणि आज वायरमनच्याच पोराला ती भाषा शिकायला पुण्याला जाऊन त्याच्या बापाच्या वर्षभराच्या संत्र्याएवढे पैसे मोजावे लागतात. मला याचा राग येतो. विहिरीच्या कठड्यावर बसून पाठकोऱ्या कागदावर पुतण्याला शिडीची पहिली पायरी काढून दाखवली: स्टॉप, मग स्टार्ट, स्टार्टच्या खाली समांतर मोटारीचाच कॉन्टॅक्ट, शेवटी मोटारीची कॉइल. तो म्हणाला, "हे तं स्टार्टरच हाये." हो बाबा, स्टार्टरच आहे. लोखंडाची कॉइल गेली, तिच्या जागी मेमरीतलं एक घर आलं, एवढाच फरक.

बाकी पीएलसी म्हणजे एक छोटा, मजबूत कॉम्प्युटर. धूळ, उष्णता, हादरे सोसणारा. एका बाजूला इनपुट: बटणं, सेन्सर, लिमिट स्विच. दुसऱ्या बाजूला आउटपुट: कॉन्टॅक्टर, व्हॉल्व्ह, दिवे. आणि त्याचं काम करण्याची पद्धत अगदी आमच्या मोठेबाबांसारखी. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सकाळी ते आधी सगळ्या वावराला एक चक्कर मारत, कुठे काय आहे ते नुसतं बघत. मग धुऱ्यावर बसून विचार करत. आणि मग एकदम सगळ्यांना कामं सांगत. पीएलसीही आधी सगळे इनपुट एकदाच वाचून घेतो, मग प्रोग्राम वरून खाली सोडवतो, मग सगळे आउटपुट एकदम बदलतो, आणि लगेच पुढची चक्कर सुरू. एक चक्कर साधारण काही मिलिसेकंदांची. मधेच कुणी बटण दाबलं तर ते पुढच्या चक्करीत दिसतं. मोठेबाबांनाही चक्कर संपल्यावर सांगितलेलं काम दुसऱ्या दिवशीच व्हायचं.

हे सगळं आमच्याकडे कुठे दिसतं? जिनिंगमध्ये. खामगावची कापसाची बाजारपेठ जुनी, १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आणला तोच कापसासाठी. आपल्या भागातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये २००० च्या कापूस तंत्रज्ञान मिशननंतर बरंच नवं यंत्र आलं. अशाच एका ठिकाणी पुतण्याला नेलं. सरकी वेगळी होऊन रुई पेटीत पडते, हायड्रॉलिक प्रेस ती दाबते आणि १७० किलोच्या आसपासची गाठ बाहेर येते. दार लागलंय का, दाब पुरेसा झालाय का, रॅम वर आलाय का, हे सगळं भिंतीवरच्या कपाटातला वीटेएवढा पीएलसी बघतो. पुतण्या प्रेसकडे न बघता त्या कपाटातल्या लुकलुकत्या दिव्यांकडेच बघत राहिला. तेव्हाच वाटलं, हा पोरगा शिकणार.

आता त्या वाक्याकडे येतो. लाईन परत आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही.

शेतकऱ्याला हीच गोष्ट नको असते. आमच्या फीडरवर शेतीची लाईन कितीतरी वर्षं आलटून-पालटून, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्री बाराला लाईन येणार, मधेच जाणार, दोनला परत येणार. प्रत्येक वेळी हिरवं बटण दाबायला अंधारात वावरात कोण जाणार? आमच्याकडे नुसते साप-विंचू नाहीत, वरून अस्वल उतरतं. मग आला 'ऑटो'. स्टार्टरला जोडायची छोटी डबी, तिन्ही फेज आल्या की आपोआप मोटर चालू करते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा. त्यांचंही खरं आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, आणि एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या तर डीपी जळणारच. पण शहरात बसून ऑटोवाल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. त्याने अस्वल टाळण्यासाठी ऑटोमेशन केलंय. आपण कारखान्यात याहून फालतू कारणांसाठी करतो. प्रत्येक ऑटोत वेगवेगळ्या सेकंदांचा टायमर असता तर अर्धा प्रश्न सुटला असता.

पण पाण्याची मोटर वेगळी आणि हाताजवळची मशीन वेगळी. हे मी कसं शिकलो ते आता लिहितो. घरच्यांपैकी निम्म्यांना हे माहीत नाही.

२००३ चा उन्हाळा. माझी बारावी झालेली. कोठ्यात कडबा कुट्टीची मशीन होती, तिच्या स्टार्टरचा तो चौथा बारका कॉन्टॅक्ट झिजला होता. हिरवं दाबलं की मोटर चालायची, बोट काढलं की बंद. मोठेबाबांनी मला सांगितलं, बापू, जरा पाय बरं. मी पेटी उघडून पाहिली, कॉन्टॅक्ट काळा पडलेला. नवीन आणायला तालुक्याला जायला हवं होतं. मी खराट्याची काडी मोडली आणि हिरवं बटण आत दाबून बाजूने खुपसून ठेवली. चालू-बंद करायचं ते मेन स्विचने. पाच मिनिटांत काम झालं, सगळ्यांनी शाबासकी दिली. मलाही मी फार हुशार वाटलो.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मोठेबाबा कुट्टी करत होते. मधेच लाईन गेली. मशीन आपोआप थांबली, तेव्हा मेन पाडायचं त्यांच्या मनातच आलं नाही. रोलरमध्ये कडबा अडकला होता. लाईन येईस्तोवर तेवढा काढून घ्यावा म्हणून त्यांनी हात घातला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली.

अकोल्याला नेलं. मी गेलो नाही. मी कोठ्यात जाऊन आधी ती काडी काढली आणि चुलीत टाकली. नंतर जो-तो विचारायला आला त्याला मोठेबाबा एकच सांगायचे, "मीच मेन पाडाले विसरलो." काडीचा शब्द त्यांनी कधीच काढला नाही. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी शेगावला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा त्याच हाताने त्यांनी माझी पेटी एस्टीवर चढवली होती. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. मी त्यांच्यापाशी हा विषय काढायला हवा होता, काढला नाही.

असो.

कारखान्यांसाठी निदान कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, जे बंद स्थितीतून चुकून चालू स्थितीत सरकू शकतं अशा साधनाला कुलूपबंद ठेवण्याची सोय हवी असं म्हटलं होतं. मळणी यंत्रांनी इतके हात नेले की १९८३ साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. पण कोठ्यातल्या स्टार्टरवर काडी कोण तपासणार?

आणि खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, ही की तीच काडी मला कारखान्यात प्रोग्राममध्ये सापडते. लॅडरमध्ये मोटर चालू ठेवायच्या दोन पद्धती आहेत. एक स्टार्टरसारखी, स्वतःच्याच कॉन्टॅक्टने. दुसरी 'लॅच' किंवा 'सेट'ची आज्ञा: एकदा चालू म्हटलं की कुणी बंद म्हणेपर्यंत चालू. नव्या पोरांना दुसरी सोपी वाटते, एका ओळीत काम होतं. पण ते चालू असणं मेमरीच्या अशा घरात लिहिलं, की जे लाईन गेली तरी पुसलं जात नाही, तर काय होईल? लाईन परत येईल, पीएलसी जागा होईल, त्याला आठवेल की मोटर चालू होती, आणि तो ती चालू करेल. आत कुणाचा हात आहे हे त्याला माहीत नाही. तसं घर पीएलसीत मुद्दाम दिलेलं असतं, आणि लागतंही. पाळीत किती गाठी झाल्या हा आकडा लाईन गेल्यावर पुसला तर मुनीम ओरडेल. गाठींचा आकडा लक्षात राहिला पाहिजे आणि मोटर चालू होती हे विसरलं पाहिजे. कुठलं लक्षात ठेवायचं आणि कुठलं विसरायचं हे पीएलसी ठरवत नाही, प्रोग्राम लिहिणारा ठरवतो.

लाल बटणाचंही तसंच. ते नेहमी जुळलेल्या स्थितीत वायर करतात, दाबल्यावर तुटणारं. का? तर उद्या उंदराने ती वायर कुरतडली तर मशीन थांबावी. उलटं केलं तर वायर तुटल्याचं कळणारच नाही, आणि ज्या दिवशी जीव खाऊन लाल दाबाल त्या दिवशी काहीच होणार नाही. यामुळे लॅडरमध्ये स्टॉपचं चिन्ह शिकाऊ पोराला उलटं वाटतं. करंट आधीच येतोय, म्हणून तिथे साधा उघडा कॉन्टॅक्ट काढावा लागतो. निम्मी पोरं इथे चुकतात.

मी मुलाखती घेतो. येणाऱ्या पोरांकडे सर्टिफिकेटांची चळत असते. ट्रॅफिक सिग्नल, बाटली भरणे, लिफ्ट, सगळं स्क्रीनवर चालवून दाखवतात. मी एकच विचारतो: मशीन चालू आहे, लाईन गेली, दोन मिनिटांनी परत आली. तुझी मशीन काय करेल? बहुतेक जण गप्प होतात. एक जण म्हणाला, "सर, सिम्युलेटरमध्ये लाईन जात नाही." त्याचा काय दोष? त्याला तीन महिन्यांत कुणी तो प्रश्नच विचारला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पीएलसी शिकवायचा तर सुरुवात 'स्टार्ट'पासून करू नका. मशीन थांबते कशी, आणि थांबलेली थांबूनच का राहते, तिथून करा.

यावर माझ्या बरोबरीचे लोक म्हणतील की हे काम लॅडरचं नाहीच, त्यासाठी सेफ्टी रिले असतो, इमर्जन्सी स्टॉप प्रोग्रामवर सोडतच नाहीत. बरोबर आहे, मीही सोडत नाही. पण छोट्या वर्कशॉपमध्ये, जिनिंगमध्ये, तेलघाणीवर सेफ्टी रिलेचे पैसे ऐनवेळी वाचवले जातात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तिथे उरतो तो प्रोग्राम लिहिणारा पोरगा आणि त्याची अक्कल.

विहिरीवरून परत येताना कोठ्यात डोकावलो. कुट्टीची मशीन आता नवीन आहे, स्टार्टरही नवीन. आणि स्टार्टरच्या शेजारी ऑटोची डबी. मी पुतण्याकडे पाहिलं. "मीच लावला मागच्या वर्षी," तो म्हणाला. "विहिरीवरचा एक जास्तीचा पडला होता, म्हटलं इथं लावून टाकू." मग मी त्याला काडीची गोष्ट सांगितली. घरात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. तो काही बोलला नाही. पक्कड घेऊन आला, आधी मेन पाडला, मग ऑटोच्या दोन वायरी काढून त्यांना टेप मारली.

कोर्सचं असं ठरलंय की पुण्याचा कोर्स तूर्त नाही. माझ्याकडचा एक जुना, छोटा पीएलसी आणि चोवीस व्होल्टचा पॉवर सप्लाय त्याला पाठवलाय. जिनिंगच्या मालकाशी बोललोय, हंगामात त्यांच्या मेंटेनन्सवाल्याच्या हाताखाली राहील. परवा रात्री त्याने पहिल्या प्रोग्रामचा फोटो पाठवला. स्टॉपचा कॉन्टॅक्ट उलटा काढलाय. मी मुद्दाम सांगितलं नाही. रविवारी फोन करेल तेव्हा आधी विचारणार आहे की वायर काढून पाहिली का.